युद्ध चालू होतं आणि लीगपण चालूच होती

नमस्कार मंडळी. विषय ऐकून बऱ्याच जणांनी मला आधीच विचारलं की बाबा आइस हॉकी आणि आपला काय संबंध, तर खरं सांगायचं तर फार नाही. आपल्याकडे लेह-लडाखात हिवाळ्यात खेळतात, लष्कराच्या टीम्स आहेत, बाकी आपण हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं मैदान. पण मला आज खेळाबद्दल जेवढं बोलायचंय त्याहून जास्त एका निर्णयाबद्दल बोलायचंय. देश युद्धात आहे, पोरं मरतायत, आणि एक प्रोफेशनल लीग, तिकीट लावून, पगार देऊन, दर आठवड्याला मॅचेस खेळवतेय. हे चालू ठेवायचं की बंद करायचं? आणि चालू ठेवलं तर ते नेमकं कुणाच्या जिवावर चालतं?

लीग म्हणजे नॅशनल हॉकी लीग, एनएचएल. नावात नॅशनल असलं तरी टीम्स तेव्हा दोन देशांतल्या, कॅनडातल्या मॉन्ट्रियल आणि टोरंटो, बाकीच्या अमेरिकेतल्या, पण खेळाडू? जवळजवळ सगळे कॅनेडियन. हा मुद्दा धरून ठेवा कारण पुढचा सगळा घोळ यातून होतो. कॅनडा दुसऱ्या महायुद्धात उतरला 10 सप्टेंबर 1939 ला आणि अमेरिका डिसेंबर 1941 मध्ये, म्हणजे मधली दोन वर्षं न्यूयॉर्कमधले प्रेक्षक शांतताकाळातले आणि समोर खेळणारी पोरं युद्धात असलेल्या देशाची.

आणि गंमत बघा, ही लीग जन्मालाच आली ती पहिल्या महायुद्धात. त्याआधीची जी लीग होती तिच्यात 1916-17 ला चक्क एक पलटण टीम म्हणून उतरली होती, 228वी बटालियन, टोरंटोची. खाकी जर्सी घालून खेळायचे आणि भारी खेळायचे, लोक तुफान गर्दी करायचे, आणि फेब्रुवारी 1917 मध्ये हुकूम आला आणि आख्खी टीम सीझन अर्धा टाकून जहाजात बसून गेली. लीगचं वेळापत्रक कोलमडलं, मालकांची भांडणं झाली, त्यातून नोव्हेंबर 1917 मध्ये मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात नवीन लीग काढली ती ही एनएचएल. त्या पलटणीतल्या एक-दोघा खेळाडूंना लढायला पाठवलंच नाही, नंतर त्यांनी उघड सांगितलं की आम्हाला हॉकी खेळण्यासाठीच भरती केलं होतं. म्हणजे देशभक्ती आणि तिकीटविक्रीची सरमिसळ तेव्हापासूनची आहे, कुणी फार हळवं व्हायची गरज नाही.

आता दुसरं महायुद्ध. सुरुवातीला फार काही बिघडलं नाही. 1940 ला न्यूयॉर्क रेंजर्सनी स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, 1941-42 मध्ये ते लीगच्या टेबलात पहिले आले. पण त्याच सीझनमध्ये गळती सुरू झाली होती. बोस्टनची एक फॉरवर्ड लाइन होती, मिल्ट श्मिट, वूडी ड्यूमार्ट आणि बॉबी बाउअर, तिघंही ऑन्टॅरिओतल्या किचनर गावचे, लहानपणापासूनचे मित्र, तिघंही जर्मन वंशाचे. या किचनरचं नाव 1916 पर्यंत बर्लिन होतं, पहिल्या युद्धात बदललं. 1939-40 ला स्कोरिंगमध्ये पहिला दुसरा तिसरा नंबर या तिघांचाच. तिघंही कॅनडाच्या वायुदलात भरती झाले. शेवटची मॅच 10 फेब्रुवारी 1942, समोर मॉन्ट्रियल, म्हणजे हाडवैरी, बोस्टनने 8-1 ने धुतलं, आणि मॅच संपल्यावर दोन्ही टीमच्या खेळाडूंनी मिळून या तिघांना खांद्यावर घेऊन बर्फावरून बाहेर नेलं. ज्यांनी मॉन्ट्रियल-बोस्टन वैर बघितलंय त्यांना कळेल की ही केवढी गोष्ट आहे. आणि गेले कुठे? तर त्याच वर्षी ओटावाच्या वायुदलाच्या टीमकडून खेळून ॲलन कप, म्हणजे हौशी हॉकीचा कप, जिंकला, म्हणजे गणवेश बदलला पण काही काळ हॉकीच चालू. लष्करालाही चांगली टीम हवीच असते ना. नंतर मात्र परदेशात गेले आणि 1945-46 लाच परत आले, तीन सीझन पूर्ण गेले, तेही ऐन उमेदीतले.

त्याच 1942 च्या उन्हाळ्यात लीगच्या सात टीम्सपैकी एक बंद पडली. न्यूयॉर्क अमेरिकन्स. ही टीम म्हणजे वेगळंच प्रकरण, तिचा पहिला मालक बिल ड्वायर हा दारूबंदीच्या काळातला नामांकित दारू स्मगलर, पुढे तो कंगाल झाला आणि लीगनेच टीम चालवायला घेतली, मॅनेजर म्हणून नेमला रेड डटन. शेवटच्या सीझनला त्याने नाव बदलून ब्रुकलिन अमेरिकन्स केलं, मॅचेस मात्र मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच, कारण ब्रुकलिनमध्ये तेवढं रिंकच, म्हणजे बर्फाचं मैदानच, नव्हतं. खेळाडू भरतीला गेले, पैसा नव्हता, टीम 'युद्धापुरती' स्थगित केली. उरल्या सहा. आज हॉकीवाले 'ओरिजिनल सिक्स' म्हणून ज्यांच्या नावाने डोळे पुसतात त्या या सहा, आणि त्या ओरिजिनल वगैरे काही नव्हत्या, लीगच्या पंचवीस वर्षांच्या पडझडीनंतर युद्धाच्या तडाख्यात ज्या टिकल्या त्या सहा, एवढंच.

या डटनला लक्षात ठेवा, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

1942 च्या शरद ऋतूत खरा प्रश्न आला. सीझन खेळवायचा का? तिकडे इंग्लंडमध्ये काउंटी क्रिकेट 1940 पासून साफ बंद होतं. कॅनडात मात्र सरकारचं म्हणणं पडलं की खेळवा, लोकांच्या मनोधैर्याला बरं आहे. शनिवारी रात्री रेडिओवर फॉस्टर ह्यूइटची कॉमेंटरी लागायची आणि देशभर लोक ऐकायचे, मॅचची रेकॉर्डिंग्ज समुद्रापलीकडे सैनिकांनाही ऐकवली जायची. म्हणजे चालू ठेवा, पण कशी ते तुमचं तुम्ही बघा.

आणि मग बारीकसारीक गोष्टी बदलायला लागल्या. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट रेल्वेची आहे. तेव्हा टीम्स ट्रेनने फिरायच्या, आज रात्री टोरंटो उद्या डेट्रॉईट असं, आणि युद्धात रुळांवर पहिला हक्क सैनिकांच्या गाड्यांचा, त्यामुळे हॉकीवाल्यांसाठी गाडी पाच मिनिटंसुद्धा थांबणार नाही. तोपर्यंत बरोबरी झाली की दहा मिनिटांचा ओव्हरटाइम असायचा, आणि तो पूर्ण दहा मिनिटं खेळायचे, गोल झाला तरी. मग गावच्या जत्रेत शेवटची एसटी चुकू नये म्हणून कुस्त्या आटोपत्या घेतात तसं यांनी 21 नोव्हेंबर 1942 पासून ओव्हरटाइमच काढून टाकला. शेवटचा ओव्हरटाइम झाला 10 नोव्हेंबरला, रेंजर्सनी शिकागोला 5-3 हरवलं. मॅच बरोबरीत सुटली तर सुटली, पॉइंट वाटून घ्या आणि स्टेशनवर पळा.

दुसरं म्हणजे माणसंच नव्हती. बोस्टनने बेप गिडोलिन नावाचा पोरगा उतरवला, वय सोळा. सतरा पूर्ण व्हायला अजून महिना होता. एनएचएलमध्ये त्याच्याहून लहान कुणी आजपर्यंत खेळलेलं नाही. एकीकडे सोळा वर्षांचा आणि दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये फ्रँक बूशे, रेंजर्सचा कोच, 1938 ला रिटायर झालेला, त्याने 1943-44 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी परत स्केट्स बांधले आणि 15 मॅचेस खेळला, 4 गोल केले, 10 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास. आणि हे कमी वाटत असेल तर त्या टीममधल्या बाकीच्यांचे आकडे बघा.

रेंजर्सबद्दल जरा थांबून सांगतो कारण तुम्हाला युद्ध म्हणजे काय हे हॉकीच्या टेबलात बघायचं असेल तर तिथे बघायचं. 1942 ला पहिला नंबर. मग लिन आणि मझ पॅट्रिक, नील आणि मॅक कोलव्हिल, शिबिकी, गोलकीपर जिम हेन्री, सगळे एकामागोमाग सैन्यात. 1943-44 चा हिशोब: 50 मॅचेस, 6 जिंकल्या, 39 हरल्या, 5 बरोबरी. गोलकीपर केन मकॉली, पन्नासच्या पन्नास मॅचेस उभा राहिला आणि 310 गोल खाल्ले. तीनशे दहा! सरासरी मॅचला सहाच्या वर. 23 जानेवारी 1944 ला डेट्रॉईटने 15-0 ने हरवलं, तो आजही लीगचा रेकॉर्ड आहे. लोक हसतात या माणसावर, मला हसू येत नाही, कारण टीम गुंडाळावी का अशी चर्चा मालकांमध्ये झाली होती आणि नाही म्हणून ठरलं, का तर पाच टीम्सचं वेळापत्रक बसत नाही, मग कुणालातरी त्या जाळीसमोर उभं राहायलाच हवं होतं. तो राहिला. त्याच्यासमोरची डिफेन्सची फळी युरोपात होती हो.

त्याच सीझनमध्ये नियमही बदलला. रिंकच्या मधोमध लाल रेघ आली. आधी काय होतं की तुमच्या झोनमधून पुढे पास देऊन झोनच्या कडेची निळी रेघ ओलांडता यायची नाही, पक, म्हणजे खेळायची चकती, स्वतः घेऊन बाहेर पडायचं, आणि समोरचे पाच जण येऊन तुम्हाला तिथेच कोंडायचे. नवीन नियमाने स्वतःच्या झोनमधून मधल्या रेघेपर्यंत पास देता यायला लागला. खेळ एकदम सुटला, वेग आला, गोल वाढले. यात बूशेचाच मोठा हात होता. आज जे लोक म्हणतात की हॉकीचं मॉडर्न युग 1943 पासून, ते या रेघेमुळे. मला वाटतं कच्च्या पोरांच्या टीम्स घेऊन प्रेक्षकांना काहीतरी बघण्यासारखं द्यायची गरज नसती तर हे मालक लोक इतक्या पटकन तयार झाले नसते, तेव्हाचे मालक भयंकर जुन्या वळणाचे होते.

आता मॉन्ट्रियल. इथे खरं राजकारण आहे. कॅनडाने 1940 मध्ये सक्तीची भरती आणली पण फक्त देशात राहून संरक्षणासाठी, समुद्रापलीकडे फक्त स्वेच्छेने. एप्रिल 1942 मध्ये सरकारने जनमत घेतलं की आम्हाला या वचनातून मोकळं करा, देशाने एकूण हो म्हटलं आणि फ्रेंच भाषिक क्वेबेकने जबरदस्त बहुमताने नाही म्हटलं. आणि मॉन्ट्रियलची टीम म्हणजे फ्रेंच कॅनडाचा जीव की प्राण. त्यांचे बरेच खेळाडू युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामाला होते, म्हणजे दिवसा कारखाना संध्याकाळी हॉकी, आणि त्यामुळे टीम शाबूत राहिली. 1943-44 ला 50 पैकी फक्त 5 मॅचेस हरले आणि कप जिंकला. टोरंटोवाल्यांनी जे टोमणे मारायचे ते मारलेच.

या सगळ्याच्या मध्यभागी मोरिस रिशार. इंग्रजीवाले रिचर्ड म्हणतात. हा मशिनिस्ट, कारखान्यात काम करायचा. भरतीसाठी गेला होता, पुन्हा पुन्हा गेला, आणि दरवेळी परत पाठवला कारण घोटा मोडलेला, मनगट मोडलेलं, हाडं नीट जुळलेली नाहीत. सैन्याला नको असलेलं शरीर. 28 डिसेंबर 1944 ला हा दिवसभर घर बदलण्याचं सामान वाहत होता, संध्याकाळी येऊन म्हणाला आज दमलोय, आणि डेट्रॉईटविरुद्ध 5 गोल 3 असिस्ट. त्या सीझनला 50 मॅचेसमध्ये 50 गोल. आधीचा रेकॉर्ड जो मलोनचा 44, तोसुद्धा 1917-18 चा, म्हणजे पहिल्या युद्धातला. पन्नासावा गोल झाला 18 मार्च 1945 ला बोस्टनमध्ये, सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये, अगदी शेवटची दोन-अडीच मिनिटं उरली असताना.

आणि लगेच सुरू झालं की समोर होतं कोण? गोलकीपर सगळे बदली, डिफेन्स पोरसवदा, युद्धातला रेकॉर्ड, यात काय एवढं.

इथे मला आपल्याकडचं आठवतं, कारण हाच वाद आपल्याकडे पण झालाय. त्याच मार्च 1945 मध्ये मुंबईत ब्रेबॉर्नवर रणजी फायनल चालू होती, मुंबई विरुद्ध होळकर. विजय मर्चंट 278. होळकरकडून कोण खेळला तर डेनिस कॉम्प्टन, इंग्लंडचा, महूला लष्करी पोस्टिंगवर होता, त्याने नाबाद 249 काढले आणि तरी होळकर 374 धावांनी हरले. त्याच्या आधी डिसेंबर 1943 मध्ये सांगलीचे विजय हजारे मुंबईच्या पेंटॅंग्युलर क्रिकेट स्पर्धेच्या फायनलला टीमच्या 387 पैकी एकट्याने 309, भाऊ विवेकबरोबर 300 ची भागीदारी आणि त्यात विवेकचे 21. तेव्हा बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती. आपल्या आजोबांच्या पिढीने हे आकडे पाठ केले, आणि इंग्रज लेखकांनी बरीच वर्षं ते युद्धातले म्हणून बाजूला सारले, मग 1946 च्या दौऱ्यात मर्चंट इंग्लंडला गेले आणि तिथे धावांचा ढीग लावला तेव्हा तोंडं बंद झाली.

रिशारचं पण साधारण तसंच झालं, फक्त मध्ये एक खड्डा आहे आणि तो लपवून उपयोग नाही. 1945-46, सगळे परत आले, आणि रिशारचे 50 मॅचेसमध्ये 27 गोल. निम्म्यावर. टीकाकार खूश. पुढच्या वर्षी 1946-47, 60 मॅचेसमध्ये 45, लीगमध्ये सगळ्यात जास्त, समोर सगळे जुने पहिलवान हजर. आता कोण काय बोलणार. आणि माझा अजून एक साधा हिशोब आहे, 1944-45 ला हेच बदली गोलकीपर बाकीच्यांनाही मिळाले होते ना? गोलांत दुसरा नंबर हर्ब केन, त्याचे 32. मग बाकीच्यांनी का नाही मारले पन्नास? 50 मध्ये 50 हे परत जमलं ते थेट 1980-81 ला, माइक बॉसीला. रेकॉर्डवर शंकेची चांदणी लावायची असेल तर लावा, पण मग मकॉलीच्या 310 वर पण लावा.

बरं, टोरंटो. मालक कॉन स्माइथ, पहिल्या युद्धात विमानातून पाडला गेलेला आणि जर्मनांचा कैदी झालेला माणूस. दुसऱ्या युद्धात पंचेचाळिशी उलटल्यावर त्याने खेळाडू आणि क्रीडा पत्रकार वगैरे गोळा करून विमानविरोधी तोफखान्याची स्वतःची तुकडी उभी केली, नॉर्मंडीत उतरला आणि जुलै 1944 मध्ये फ्रान्समधल्या कां शहराजवळ जबर जखमी झाला. सप्टेंबरमध्ये परत येऊन हॉस्पिटलच्या खाटेवरून पेपरला स्टेटमेंट दिलं की आघाडीवर पाठवतायत ती पोरं अर्धवट शिकलेली आहेत, ग्रेनेड कसा टाकायचा माहीत नाही. राजकीय भूकंप झाला. नोव्हेंबरमध्ये संरक्षणमंत्र्याला पद सोडावं लागलं आणि सरकारला समुद्रापलीकडे सक्तीने माणसं पाठवावी लागली. एका हॉकी टीमचा मालक, आणि देशाचं धोरण हललं. अर्थात तो आधीपासून सक्तीच्या भरतीचा कट्टर समर्थक होता आणि फ्रेंचांवर त्याचा राग होता, हेही सांगायला हवं, तो काही साधुसंत नव्हता.

आणि एक अदलाबदल सांगतो, मला ती विसरता येत नाही. नोव्हेंबर 1942 मध्ये टोरंटोने रेंजर्सकडून बेब प्रॅट हा डिफेन्समन घेतला आणि बदल्यात दोन खेळाडू दिले, त्यातला एक डडली गॅरेट, अठरा वर्षांचा, लाल केसांचा म्हणून रेड. गॅरेट न्यूयॉर्ककडून 23 मॅचेस खेळला आणि नौदलात गेला. 25 नोव्हेंबर 1944 ला शॉविनिगन नावाची युद्धनौका न्यूफाउंडलंडजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली, एकही वाचला नाही, गॅरेट तिच्यावर होता. वय वीस. पाच महिन्यांनी, एप्रिल 1945 मध्ये, टोरंटोने डेट्रॉईटला सातव्या मॅचमध्ये 2-1 ने हरवून कप जिंकला आणि विजयी गोल केला बेब प्रॅटने. कुणाची काही चूक नाही यात, व्यवहार होता. तसाच जो टर्नर, डेट्रॉईटकडून गोलकीपर म्हणून एकच मॅच खेळला, कॅनेडियन असून अमेरिकन सैन्यात गेला आणि जर्मनीत ह्युर्टगेनच्या जंगलात मेला. दोघांच्या नावाने पुढे करंडक ठेवले, खालच्या लीगांमध्ये.

आता डटन. सांगितलं होतं ना. फेब्रुवारी 1943 मध्ये लीगचा अध्यक्ष फ्रँक कॉल्डर वारला, 1917 पासून तोच होता. मालकांनी डटनला हंगामी अध्यक्ष केलं. ज्याची टीम यांनीच बंद केली त्याला. हा माणूस स्वतः पहिल्या युद्धात विमीच्या लढाईत पाय गमावता गमावता वाचलेला. त्याने अट घातली होती की युद्ध संपलं की माझी टीम परत द्यायची. युद्ध संपेपर्यंत त्याने लीग चालवली, वेळापत्रकं, भरतीचे परवाने, बॉर्डर ओलांडायच्या परवानग्या, सगळं. आणि या युद्धात त्याची दोन मुलं वायुदलात होती, दोघंही मारली गेली. मी मघाशी विचारलं ना की चालू ठेवणं कुणाच्या जिवावर. मनोधैर्य वगैरे मंत्र्याने म्हटलं, तिकिटाचे पैसे मालकांनी घेतले, आणि टेबलाशी बसून पुढच्या आठवड्याच्या मॅचेस ठरवणारा माणूस हा होता.

1946 मध्ये टीम परत मागायला गेला तर मॅडिसन स्क्वेअर गार्डनवाल्यांनी नको म्हटलं आणि बाकीचे गप्प बसले. डटनने राजीनामा दिला. त्याच्या जागी क्लॅरेन्स कॅम्पबेल आला, वकील, जुना रेफरी, नुकताच जर्मनीत युद्ध गुन्ह्यांच्या खटल्यात सरकारी बाजूने काम करून परतलेला, तो 1977 पर्यंत राहिला. डटन म्हणे चिडून म्हणाला होता की मी जिवंत असेपर्यंत रेंजर्स कप जिंकणार नाहीत. दंतकथा असेल. तो 1987 ला गेला, रेंजर्स जिंकले 1994 ला.

मागून कुणीतरी विचारतायत की ओव्हरटाइम परत कधी आणला. चांगला प्रश्न आहे. युद्ध संपलं 1945 ला, सैनिकांच्या गाड्या बंद झाल्या, पण ओव्हरटाइम काही आला नाही, साध्या मॅचेस बरोबरीतच सुटत राहिल्या. आला तो 1983-84 च्या सीझनला, तोही पाच मिनिटांचा. तोपर्यंत टीम्स ट्रेन सोडून विमानाने फिरायला लागूनही कित्येक वर्षं झाली होती.